बेंगलोरला लग्नाला चाललेय

गुरुवार संध्याकाळ, धोबीतलाव

गाडी शुक्रवारी सकाळची. पण आमच्या ड्रमरचं, डोंबिवलीचं म्हणणं पडलं, की निघायच्या आधी रंगभवनाला नमस्कार घालायचाच. म्हणून ऑफिस सुटल्यावर आम्ही दोघं झेविअर्सच्या कडेने चालत गेलो आणि बंद फाटकासमोर पाच मिनिटं उभे राहिलो. आत दिसत काहीच नाही. १९८६ साली सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडांचा महोत्सव वर्षानुवर्षं इथे व्हायचा. आजूबाजूला रुग्णालयं, त्यामुळे हा भाग शांतता क्षेत्रात आला आणि रंगभवन गप्प झालं. रुग्णालयाशेजारी मेटल संगीत वाजवू नये हे मला पटतं. तरी वाईट वाटायचं ते वाटतंच.

आमच्यात नावं कुणी वापरत नाही. कॉलेजच्या बँडमधला ड्रमर तो डोंबिवली. गिटारवाला बेळगाव, जो पुढे बेंगलोरला गेला आणि तिथलाच झाला. काहीही न वाजवता सगळ्यांपेक्षा जास्त आवाज करणारा कोल्हापूर. मी गिरगाव. मीही काही वाजवत नाही, पण कोणी बेसूर गेलं की मला कळतं, एवढ्या भांडवलावर मी बँडमध्ये होते.

निमित्त बेळगावच्या जॅमरूमचं, म्हणजे बँडांच्या सरावाच्या खोलीचं. मल्लेश्वरममधल्या एका जुन्या घराच्या तळमजल्यावर त्याने चौदा वर्षं ती चालवली. आता घर पाडून तिथे इमारत उभी राहणार आहे. ‘खोली रिकामी करायच्या आधी एकदा येऊन जावा की,’ एवढाच त्याचा मेसेज. शनिवारी वाजवायचं, रविवारी पॅलेस ग्राउंड्स बघायचं, असं ठरलं. तिथेच १७ मार्च २००७ ला आयर्न मेडन हा इंग्लंडचा मेटल बँड भारतात पहिल्यांदा वाजला आणि तिथेच आमची तरुणपणाची सगळी फुशारकी जमा आहे.

शुक्रवार, उद्यान एक्सप्रेस

२००७ मध्येही हीच गाडी. तेव्हा स्लीपरचा अर्धा डबा काळ्या टी-शर्टांचा होता. पुण्याला चढलेल्या एका काकूंनी बराच वेळ निरखून शेवटी विचारलं होतं, ‘तुम्ही सगळे एकाच कंपनीत कामाला का?’ डोंबिवली म्हणाला, ‘हो काकू, लोखंडाची कंपनी आहे.’ त्यांनी आम्हाला दशम्या दिल्या.

मी घरी काय सांगितलं होतं ते आता लिहायला हरकत नाही, कारण आईला ते दहा वर्षांपूर्वी कळलंय. ‘मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न आहे, बेंगलोरला चाललेय.’ आईने बॅगेत नारायण पेठ साडी आणि आहेराचं पाकीट घातलं. साडी घडी न मोडता परत आली. पाकिटातल्या पैशांचा टी-शर्ट आला.

या वेळी एसी थ्री टियर. कर्जतला वडापाव घेतला, मागे इंजिनं जोडली, घाट चढला, इथवर सगळं जुन्यासारखं. पुण्यानंतर डोंबिवलीने पाठीला पट्टा बांधला. ड्रमरचं वय कंबरेत कळतं. दौंड सोडल्यावर तो मेडनच्या ड्रमरवर, निको मॅकब्रेनवर आला. येणारच होता. निकोने डिसेंबर २०२४ मध्ये दौऱ्यांना रामराम ठोकला, त्याच्या आदल्या वर्षी त्याला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. ही गोष्ट डोंबिवली घरातल्या माणसाबद्दल बोलावं तशी बोलतो.

‘तुला कळत नाही गं,’ तो म्हणाला, ‘त्या काळी आमच्याकडचा प्रत्येक ड्रमर मोठा ड्रम दोन्ही पायांनी वाजवायचं डबल पेडल घेऊन मिरवायचा. आणि हा माणूस एका पेडलवर, तेही अनवाणी पायाने, सगळं काढतो. तो शो बघून आल्यावर मी माझं डबल पेडल विकलं.’

‘अनवाणी आहे हे तुला दिसलं?’

‘ऐकू येतं.’

मी वाद घातला नाही. सोलापूरला शेंगाचटणी घेतली. कलबुर्गीनंतर बाहेर अंधार. वाडी जंक्शनला गाडी थांबली तेव्हा डोंबिवली झोपेत गुडघ्यावर बोटांनी ताल धरत होता. गुंतकल कधी आलं ते मला माहीत नाही.

शनिवार, मल्लेश्वरम

सकाळी बेंगलोर. मॅजेस्टिकहून ग्रीन लाइनची मेट्रो पकडून संपिगे रोडला उतरलो, बॅगा खांद्यावर घेऊन थेट डोशासाठी सीटीआर हॉटेलच्या रांगेत. कोल्हापूर रात्रभर बसने येऊन तिथे आधीच उभा होता आणि त्याने रांगेतल्या पाच अनोळखी माणसांना मेडनबद्दल सांगून टाकलं होतं. बेण्णे डोसा आला. त्यावर मी वेगळा लेख लिहू शकते, पण लिहीत नाही. दोन खाल्ले.

बेळगाव खूप बारीक झालाय. केस गेलेत. आम्ही काही बोललो नाही. तोच म्हणाला, ‘हेडबँगिंग करायचं तर केस लागतात असं कुठं आहे काय? डोकं आहे की अजून.’

जॅमरूमला तीन भिंतींवर जुन्या गाद्या, चौथीवर पोस्टर. पोस्टर काढलं तिथे भिंतीचा मूळ निळा रंग चौकोनी उमटलेला. अॅम्प विकले गेले होते, एक राहिला होता तो रविवारी जायचा होता. ड्रमसेट शेजारच्या मुलांना दिलाय, पण त्यांनी एका दिवसासाठी परत दिला. ती मुलंही आली. विशीतली चौघं, स्वतःचा बँड असलेली. दाराशी बसून ऐकत होती. मला आधी अवघडल्यासारखं झालं, कारण आमचं वाजवणं भयानक होतं. पहिल्या अर्ध्या तासात डोंबिवली दोनदा थांबला आणि पाणी प्यायला.

मग मेडनची ती चाल लागली. तिला काय म्हणायचं यावर आमच्यात जुना वाद आहे. इंग्रजीत गॅलप म्हणतात. एक लांब ठोका आणि त्यामागे दोन आखूड, घोडा उधळल्यासारखे. स्टीव्ह हॅरिस ते बेसवर बोटांनी काढतो, प्लेक्ट्रम न वापरता, आणि बाकीचे त्याच्यामागून धावतात. कोल्हापूरचं म्हणणं, हे सगळं हलगीत आहे, आमच्या पेठेत मिरवणुकीला या. मी एकदा गेले होते. त्याचं चुकत नाही, पण तो ते ज्या आवाजात सांगतो त्याने माणसाला पटत नाही.

बेळगाव तीन गिटारांवर बोलला, आणि हे मात्र मी मन लावून ऐकलं. १९९९ मध्ये गायक ब्रूस डिकिन्सन आणि गिटारवाला एड्रियन स्मिथ मेडनमध्ये परत आले तेव्हा आधीच्या गिटारवाल्या यानिक गर्सला काढलं नाही, म्हणून तीन गिटारी झाल्या. ‘दोन असल्या की एक सूर धरते, दुसरी त्याच्यावरचा तिसरा. ऐकायला गोड. तिसरीला काम काय? बरेच म्हणतात काही नाही. पण दोघं जोडीनं सूर घेत असताना तिसरा खाली भिंत धरून उभा असतो, म्हणून वरचे दोघं पडत नाहीत. ते मला २००७ ला कळलं, कारण मी बाजूला होतो.’

तो बाजूला होता हे आम्हाला माहीत होतं. त्या शोला तो केबल उचलायच्या कामावर लागला होता, तिकिटाचे पैसे नव्हते म्हणून. अख्खी मैफल त्याने विंगेतून, पाठीमागून पाहिली. आधी परिक्रमा वाजले, दिल्लीचे, व्हायोलिनवाले. मग स्टीव्ह हॅरिसची मुलगी लॉरेन तिच्या बँडसह. परिक्रमा त्याच वर्षी इंग्लंडला डाउनलोड फेस्टिव्हललाही वाजवून आले. मेडनची वाट बघणाऱ्या गर्दीपुढे आधी वाजवायचं म्हणजे बोहल्यावर नवरा येईपर्यंत मंगलाष्टकं लांबवणाऱ्या भटजींसारखं. बेळगाव म्हणाला, विंगेतून त्याला दिसलं, की परिक्रमाचे लोक उतरताना हसत होते. त्याला ते अजून आठवतं, मेडनच्या अर्ध्या गाण्यांपेक्षा जास्त.

‘आणि निको?’ डोंबिवलीने विचारलं.

‘त्याचा एक पाय उघडा होता. मला वाटलं, बूट विसरला असेल.’

डोंबिवली त्याच्याकडे बघत राहिला. अठरा वर्षं! जो पाय बघायला हा आयुष्य देईल तो पाय त्याने तासभर बघितला आणि वाटलं काय, तर बूट विसरला.

‘फोटो?’

‘केबल होती हातात.’

मग चहा आला आणि कोल्हापूरने त्याची गोष्ट सुरू केली. आम्ही ती किमान चाळीस वेळा ऐकली आहे. मुलं मात्र नवी होती, त्यामुळे त्याला चेव आला. रात्रभर राणी चेन्नम्मा एक्सप्रेसने आलो, रांगेत उन्हात चार तास, मग दिवे गेले, अंधारात चर्चिलचं भाषण सुरू झालं, आणि एकदम ‘एसेस हाय’ गाणं! मागं पिरॅमिड, इजिप्तचे देव, मेडनचा शुभंकर एडी ममी झालेला. नाद खुळा!

दाराशी बसलेल्यांपैकी एक मुलगी शांतपणे म्हणाली, ‘अंकल, ते २००७ चं नाही.’

अंकल या शब्दाने तो आधी घायाळ झाला. मग तिने सांगितलं. २००७ चा दौरा ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ या अल्बमचा, त्यात एडी शिपायाच्या वेषात, आणि सुरुवात ‘डिफरंट वर्ल्ड’ने. चर्चिल, ‘एसेस हाय’, इजिप्त हे सगळं पुढच्या दौऱ्यातलं. तो दौरा सुरू झाला १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत, बीकेसीत. ती तेव्हा पाच वर्षांची असेल.

बीकेसीच्या शोला मी होते, तेव्हा ते खरं हे मी सांगू शकत होते. ब्रूस स्वतः बोइंग ७५७ चालवत बँड, माणसं आणि सामान घेऊन आला होता. मागच्या सीटा काढून तिथे सामान भरलेलं. ४५ दिवसांत २३ शो, त्यातला पहिला आमचा. ‘फ्लाइट ६६६’ या माहितीपटात ‘एसेस हाय’ मुंबईचंच आहे. मी ते थांबवून थांबवून पाहिलंय, माझी वेणीसुद्धा दिसत नाही. चर्चिलचा आवाज घुमला तेव्हा गर्दीने जी आरोळी ठोकली ती ऐकून मला आजोबा आठवले. ते बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात होते. चर्चिलला मुंबईत एवढ्या टाळ्या पडतील आणि त्यातली एक त्यांच्या नातीची असेल, हे त्यांना सांगायची सोय नव्हती.

कोल्हापूर ऐकेना. ‘बेंगलोरला पण तेच वाजवलं. मी हुतो तिथं.’

विषय बदलावा म्हणून डोंबिवलीने क्रिकेट काढलं, आणि तिथेच घात झाला. १७ मार्च २००७ ही तारीख भारतीय माणूस दुसऱ्याच कारणासाठी लक्षात ठेवतो. त्याच संध्याकाळी पोर्ट ऑफ स्पेनला विश्वचषकाची मॅच होती, बांगलादेशविरुद्ध. आपल्याकडे साधारण सातला सुरू झाली. म्हणजे इकडे मेडन आणि तिकडे आपली फलंदाजी. ग्राउंडमधून बाहेर आलो तेव्हा रिक्षावाल्याने सांगितलं, सगळे १९१ मध्ये बाद. आम्ही घसा बसलेले, धुळीने माखलेले, आणि आनंदाने येडे झालेले. आम्हाला काही वाटलंच नाही. पहाटे लॉजवर कळलं, हरलो. पाच गडी राखून हरवलं त्यांनी.

‘धोनी शून्यावर गेला,’ डोंबिवली म्हणाला.

‘अरे काय सांगू,’ कोल्हापूर उसळला, ‘धोनी गेला तवा तालमीतल्या पोरांनी टीव्ही फोडायचा तेवढा बाकी ठेवला! मी मधी पडलो म्हणून...’

खोलीत कोणी बोललं नाही. अॅम्पची घरघर फक्त.

‘कुठली तालीम?’ बेळगावने हळूच विचारलं.

त्याने चहाचा घोट घेतला. मग दुसरा घेतला. कप रिकामा होता.

हिशोब सरळ होता. १५ फेब्रुवारी २००९ ला मेडन पुन्हा पॅलेस ग्राउंड्सवर आले, त्याच इजिप्तवाल्या दौऱ्याच्या शेवटच्या टप्प्यात, चर्चिल आणि ‘एसेस हाय’सकट. आमचा पठ्ठ्या त्या शोला होता. आमच्याकडून २००७ इतकं ऐकलं, की दोन्ही एकात मिसळलं. तो खोटं बोलत नव्हता, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि म्हणून मला हसू आलं नाही. बाकीचे मात्र गडागडा लोळले. ती मुलगी पण.

मग आम्ही ‘फिअर ऑफ द डार्क’ वाजवलं. गिटारची ती सुरावट लोक तोंडाने गातात, शब्द नसलेली, ओ ओ ओ. दाराशी बसलेल्या चौघांनी गायली. कोल्हापूर सगळ्यात मोठ्याने.

रविवार, पॅलेस ग्राउंड्स

सकाळी रिक्षाने मेखरी सर्कल. पॅलेस ग्राउंड्स म्हणजे एक मैदान नाही, राजवाड्याभोवतीची ४७२ एकर जमीन आहे. ती ताब्यात घ्यायचा कायदा राज्य सरकारने १९९६ मध्ये केला आणि राजघराणं न्यायालयात गेलं, ते भांडण आमच्या मैत्रीपेक्षा जुनं आहे. एवढ्या जागेत नेमकं स्टेज कुठे होतं हे शोधायला आम्ही निघालो. इथेच पुढे ३० ऑक्टोबर २०११ ला मेटॅलिका वाजले, दोन दिवस आधी गुडगावचा शो रद्द होऊन तिथे मोडतोड झाल्यानंतर. त्या वेळी दिल्लीकडची पोरं मिळेल त्या गाडीने इकडे आली होती. तेव्हा आमच्यातलं कोणी येऊ शकलं नाही. दोघांची लग्नं झाली होती, एकाचं मोडत होतं.

आता फाटकाफाटकांना मंगल कार्यालयांच्या पाट्या. झेंडूचे तोरण, केळीचे खांब, सनईचा स्पीकर. आम्ही एका फाटकाशी घुटमळत होतो. बेळगाव हात करून सांगतोय, ट्रक इथून आत गेले. डोंबिवली म्हणतोय, नाही, रस्त्याचा आवाज उजवीकडून येत होता. तेवढ्यात रेशमी सदरा घातलेले एक गृहस्थ आले आणि त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, मुलाकडचे की मुलीकडचे?

बेळगावने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, मुलीकडचे.

अक्षता हातात पडल्या, गुलाबपाणी उडालं. पाच मिनिटांत आम्ही केळीच्या पानासमोर. कोसंबरी, बिसी बेळे भात, होळिगे आणि त्यावर तुपाची धार. माझ्या अंगावर २००८ च्या दौऱ्याचा काळा टी-शर्ट, त्यावर ममी. शेजारच्या आजींनी ममीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मला आणखी एक होळिगे वाढायला लावली. मी पर्समधून पाचशे रुपये काढले, बाहेरच्या टेबलावर पाकीट मागितलं आणि नवरीच्या हातात दिलं. नाव घातलं नाही. आईला फोन केला. ‘बेंगलोरला लग्नाला आलेय.’ ती म्हणाली, ‘साडी नेलीस का?’

जेवून मागच्या बाजूला गेलो. मोकळी जागा, खुर्च्यांचे ढीग, जनरेटर. बेळगाव म्हणाला, इथेच असेल. माझी एक आठवण मी तिथे उभी राहून तपासून पाहिली. स्टीव्ह हॅरिस पाय स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरवर टेकवतो आणि बेस बंदुकीसारखी गर्दीवर रोखतो. २००७ ला त्याने ती माझ्यावर रोखली होती. नजरानजर झाली होती. मी हे माझ्या मुलीलाही सांगितलंय.

‘आपण साउंड कन्सोलच्या मागे होतो,’ डोंबिवली म्हणाला.

‘मी पुढे गेले होते.’

‘तू पुढे गेलीस आणि दोन मिनिटांत परत आलीस. चप्पल तुटली म्हणून. मग शेवटची तीन गाणी माझ्या खांद्यावर. तेव्हाच तर माझी कंबर गेली.’

चप्पल तुटली होती हे खरं. ती एका हातात घेऊन मी लॉजवर आले होते. पण नजरानजर झाली होती. कन्सोलच्या मागूनही होऊ शकते. कोल्हापूर माझ्याकडे इतक्या समजुतीने बघत होता, की मी तिथून निघाले.

दुपार रेस्ट हाउस रोडवरच्या पेकोजमध्ये. लाकडी जिने, भिंतीभर जुने रॉकवाले, मगभर बिअर. इथे फारसं काही झालं नाही. सगळे जेवणाने सुस्तावले होते. बेळगावला अॅम्प घ्यायला येणाऱ्या माणसाचा फोन आला, तो उठून गेला आणि संध्याकाळी थेट स्टेशनवर भेटला. हात काळे, नखात धूळ. निघताना त्याने डोंबिवलीला एक पुडी दिली. आत ड्रमच्या पेडलचं चामडी पट्टीवालं एक जुनं जोडकाम. सिंगल.

‘खोलीत सापडलं. तुझंच असेल कॉलेजातलं.’

डोंबिवलीने ते पाहिलं. ‘माझं नाही.’ आणि खिशात घातलं.

सोमवार, परत

सकाळी सोलापूर, दुपारी पुणे. काळे टी-शर्ट बॅगेत, अंगावर ऑफिसचे कपडे, कारण डोंबिवलीला कल्याणला उतरून थेट रात्रपाळीला जायचं होतं. आम्ही फार बोललो नाही. घाट उतरताना त्याने विचारलं, मेडन परत येतील का इकडे? मी म्हटलं, आले तरी ड्रमवर निको नसेल. तो म्हणाला, ‘सायमन डॉसन पण वाईट नाही.’ त्याला ते म्हणायला किती जड गेलं असेल ते मला कळलं.

कर्जतला रेंज आली तेव्हा कोल्हापूरचा मेसेज दिसला. घरी पोचल्या पोचल्या त्याने माळ्यावरची ट्रंक उघडली होती. फोटोत त्याच्या तळहातावर तिकिटाचा फाटका तुकडा. आयर्न मेडन, पॅलेस ग्राउंड्स, बेंगलोर, आणि तारीख स्पष्ट वाचता येत होती, १५ फेब्रुवारी २००९.

खाली त्याने लिहिलं होतं, ‘बघा, तारीख चुकीची छापलीया त्यांनी.’